लाकडी फरशी फुगली, पण फळ्या एवढ्यात उखडू नका

प्रश्न : जळगावात नव्या रोहाउसचा ताबा फेब्रुवारीत मिळाला. मार्चमध्ये बाहेरच्या ठेकेदाराकडून तळमजल्यावर सागवानी फळ्या बसवल्या, २ लाख ४० हजार दिले. पावसाळ्यात फळ्यांच्या कडा वर आल्या. ठेकेदार म्हणतो, कोब्यात ओल होती. बिल्डर म्हणतो, फरशी तुमची, मला काय विचारता? सगळं काढून टाकू का?

उत्तर : ताई, एवढ्यात नको. तुमचा पुरावा त्या फळ्यांखालीच आहे.

कडा वर आणि मध्ये खोलगट, म्हणजे बहुधा फळीने खालून ओल ओढली. ती ओल जोत्यातून चढली असेल तर जबाबदारी बिल्डरची. आपल्या तापीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी मुरून राहतं, आणि जोत्यात ओल अडवणारा थर नीट नसला की ते वर येतं. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांत कळवलेला बांधकामातला दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. बिल्डरच्या फरश्या उखडून तुम्ही फळ्या टाकल्या असतील, तर तो तेच पुढे करेल. ते आधीच सांगा.

ठेकेदार मात्र काही केल्या सुटत नाही. कोबा वाळायला इंचामागे साधारण महिना, हा त्याच्याच धंद्यातला हिशेब. ओल मोजायचं मीटर लावणं, निदान प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दुसऱ्या दिवशी खाली पाणी सुटलंय का बघणं, हे त्याचं काम. ‘कोब्यात ओल होती’ हे वाक्य म्हणजे न तपासता फळ्या ठोकल्याची कबुलीच, असं मी मांडेन. ते व्हॉट्सअॅपवर असेल तर जपा. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा.

दोघांना तारीख लेखी कळवा. त्या दिवशी स्थापत्य अभियंत्यासमोर दोन-तीन फळ्या उचला, मीटरचे आकडे आणि फोटो घ्या, त्याचा सहीचा अहवाल मिळवा. मग नोटीस. दाद नाही मिळाली तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोघांविरुद्ध एकच तक्रार करा. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर ती तिथेच चालते. मुदत २ वर्षांची.

ठेकेदार ‘फुकट रंधा मारून देतो’ म्हणेल. मारू देऊ नका. ओल्या फळीच्या कडा तासल्या तर वाळल्यावर ती मध्ये फुगीर होते, आणि पुरावाही जातो.