घरी चालते, दुकानात अडते

प्रश्न : कळमन्यात बाबांची संत्र्यांची आडत आहे. रोजच्या हिशेबपट्ट्यांची बेरीज करणारी पायथन स्क्रिप्ट मी माझ्या लॅपटॉपवर लिहिली. दुकानातल्या विंडोज ७ वर मात्र 'सिंटॅक्स एरर' येते, 'मॅच'च्या ओळीवर. चूक सापडतच नाही.
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : बेटा, तुझ्या हिशेबात चूक नाही. 'मॅच-केस' (अनेक पर्यायांतून जुळणारा निवडायची रचना) पायथन ३.१० मध्ये आलं, ऑक्टोबर २०२१ला. विंडोज ७ वर अधिकृतपणे ३.८च्या पुढचं पायथन बसत नाही. तेवढा भाग 'इफ-एलिफ'ने लिही.

सुरुवातीलाच आवृत्ती तपासणारी ओळ टाकली की झालं, असं वाटेल. मीही एकदा अख्खी दुपार त्यातच घालवली. पायथन आधी पूर्ण फाईलचं व्याकरण तपासतं, मगच पहिली ओळ चालवतं. त्यामुळे आपला इशारा पडद्यावर येतच नाही. तपासणी वेगळ्या छोट्या फाईलीत ठेव, मुख्य फाईल तिथून इम्पोर्ट कर.

'रिमूव्हप्रीफिक्स' (मजकुराच्या सुरुवातीचा ठरावीक भाग काढून टाकणारं) कुठे वापरलंय का, तेही बघ. ते ३.९चं. ते सुरुवातीला गप्प राहतं आणि त्या ओळीवर पोचल्यावरच अडतं, म्हणजे नेमकं अर्ध्या पट्ट्या झाल्यावर. लॅपटॉपवर ३.८ वेगळं बसवून कालच्या खऱ्या पट्ट्यांवर चालवून पाहा, आंबिया बहराची गर्दी सुरू व्हायच्या आत.