वाचकांचे प्रश्न : पट्टी सरकते, उजेड हलत नाही

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. बाकी सगळं झकास, पण वरच्या ओळीतल्या कळांनी जीव नकोसा केलाय. फाइलचं नाव बदलायला एफ२ दाबावं तर आवाज कमी होतो. ब्राइटनेसची कळ दाबली की पडद्यावर पट्टी सरकते, उजेड मात्र होता तेवढाच. माइक बंद करायची कळ तर मेल्यासारखी पडून आहे. दोनदा डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) बदलली, फरक शून्य. कीबोर्ड बिघडलाय का?

उत्तर : कीबोर्ड ठणठणीत दिसतोय. तिसऱ्यांदा डिस्ट्रो बदलू नका, एवढं आधी सांगतो. मीही हा उद्योग एकेकाळी रात्र-रात्र जागून केलाय आणि सकाळी तीच कळ तितकीच मुकी असायची. नाव आणि वॉलपेपर बदलला तरी आतलं कर्नल, म्हणजे लिनक्सचा हार्डवेअरशी बोलणारा गाभा, बहुधा त्याच कुळातलं असतं.

शिवाय तुमचं दुखणं एक नाही, तीन आहेत. कळा एका ओळीत बसतात म्हणून ती एक वाटतात. कळ दाबल्यावर निरोप आधी कीबोर्डच्या चिपकडे जातो, तिथून कर्नलकडे, मग पडद्याचा कारभार बघणाऱ्या डिस्प्ले सर्व्हरकडे (एक्स-इलेव्हन किंवा वेलंड) आणि शेवटी डेस्कटॉपकडे. तो कुठे अडला, एवढंच शोधायचं.

एफ२ चं प्रकरण सगळ्यात सोपं, कारण त्यात लिनक्सचा दोषच नाही. बहुतेक लॅपटॉपांत एफएन कळ एम्बेडेड कंट्रोलर नावाची चिप परस्पर गिळून टाकते, ऑपरेटिंग सिस्टिमला तिचा पत्ताही लागत नाही. 'एफ२' पाठवायचं की 'आवाज कमी' हे तीच ठरवते. एस्केपच्या कळीवर छोटं कुलूप छापलंय का बघा. असेल तर एफएन आणि एस्केप एकत्र दाबा, काम झालं. नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून 'हॉटकी मोड' किंवा 'अ‍ॅक्शन कीज' अशा नावाची सेटिंग उलटी करा. अ‍ॅपलचे कीबोर्ड याला अपवाद. तिथे निर्णय कर्नलमधला 'हिड-अ‍ॅपल' ड्रायव्हर घेतो आणि त्याची 'एफएनमोड' ही सेटिंग २ केली की एफ-कळा आधी मिळतात. बाहेरून जोडायचे काही इतर कीबोर्डही स्वतःची ओळख अ‍ॅपल म्हणून सांगतात, त्यांनाही हाच उतारा.

आता माइक. 'ईव्हीटेस्ट' हा छोटा प्रोग्राम घ्या, टर्मिनलमध्ये आज्ञेआधी 'सुडो' लावून (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) चालवा, यादीतून कीबोर्ड निवडा आणि कळ दाबा. काहीच उमटलं नाही तर लगेच हताश होऊ नका. लॅपटॉपच्या खास कळा पुष्कळदा कीबोर्डातून येतच नाहीत. 'डब्ल्यूएमआय हॉटकीज' किंवा 'व्हिडिओ बस' अशा नावाचं वेगळंच यंत्र यादीत असतं आणि कळ तिथून बोलते. मी एकदा तासभर चुकीच्या दाराला कान लावून बसलो होतो. म्हणून यादीतलं एकेक यंत्र तपासा.

कुठेतरी २४८ हा आकडा दिसला, तर तुमची कळ जिवंत आहे, अडलीय ती पुढच्या दारात. कर्नलच्या हिशेबात माइक बंदचा क्रमांक २४८. एक्स-इलेव्हन प्रत्येक क्रमांकात ८ मिळवतं आणि त्याची मोजणी २५५ वर संपते. २४८ अधिक ८ म्हणजे २५६. अवघ्या एका आकड्याने कळ दाराबाहेर! म्हणूनच कित्येक मॉडेलांसाठी ही कळ गुपचूप एफ२० म्हणून पाठवण्याची सोय आधीच केलेली असते. तुमचं मॉडेल त्या यादीत नसावं. वेलंडला ही मर्यादा नाही, तेव्हा लॉगिनच्या पडद्यावर वेलंड सेशन निवडून पाहा.

नुसती 'एमएससी स्कॅन'ची ओळ आली आणि कळीचं नाव आलंच नाही, तर कर्नलला ती कळ ओळखता आलेली नाही. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या 'डीमेसेज' आज्ञेतही 'अननोन की प्रेस्ड' अशी तक्रार सापडेल. शेजारी 'सेटकीकोड्स' ही आज्ञा वापरण्याचा सल्लाही असतो. तो चालतो, पण लॅपटॉप पुन्हा सुरू केला की विसरला जातो. टिकाऊ उपाय म्हणजे 'ईटीसी'मधल्या 'यूडेव्ह'च्या 'एचडब्ल्यूडीबी' फोल्डरमध्ये एक छोटी फाइल. तीत आपलं मॉडेल, तो स्कॅन आकडा आणि हवं ते नाव लिहायचं. एक्स-इलेव्हनवरच राहायचं असेल तर नाव एफ२० द्या. मग 'सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट' आणि 'यूडेव्हएडीएम ट्रिगर' चालवायचं.

ब्राइटनेसमध्ये तर कळेचा काडीइतकाही दोष नाही. पट्टी सरकते म्हणजे निरोप डेस्कटॉपपर्यंत सुखरूप पोचला. गडबड त्याच्या पुढे आहे. 'सिस'मधल्या 'क्लास'खाली 'बॅकलाइट' फोल्डर उघडा. तिथे 'एसीपीआय व्हिडिओ०' आणि 'इंटेल बॅकलाइट' अशी दोन नावं दिसली तर चोर सापडला: डेस्कटॉप बहुधा दिव्याला न जोडलेला खटका फिरवतोय. दोन्हींच्या 'ब्राइटनेस' फाइलमध्ये रूट (प्रशासक) होऊन आळीपाळीने आकडा लिहा, 'मॅक्स ब्राइटनेस'च्या निम्मा वगैरे. उजेड हलेल तो खरा. शून्य मात्र लिहू नका. मी लिहिलं होतं, पडदा ठार काळा झाला आणि पुढची आज्ञा आंधळ्यासारखी टाइप करावी लागली.

खरा सापडला की ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना लिनक्स निवडायच्या) मेन्यूत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'एसीपीआय अंडरस्कोर बॅकलाइट', मग बरोबरचं चिन्ह (=) आणि 'नेटिव्ह' असं जोडून कंट्रोल-एक्सने सुरू करा. (एफ१० नेही होतं, पण तुमच्या एफ-कळांवर सध्या भरवसा नको.) हा बदल त्या एका खेपेपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करून पाहा. जमलं नाही तर 'नेटिव्ह'ऐवजी 'व्हेंडर' किंवा 'व्हिडिओ'. जमलं की मगच ग्रबच्या कायमच्या फाइलीत लिहा.

प्रश्न : आवाज कमी करायची कळ एकदाच टिचकी मारून सोडली तरी आवाज थेट शून्यावर जातो. कळ अडकलेली नाही, झटकून पुसून पाहिली.

उत्तर : पुसणं पुरे. कळ दाबल्याचा निरोप येतोय, सोडल्याचा येत नाही, म्हणून कर्नलला वाटतं की तुम्ही बोट ठेवूनच बसला आहात. ईव्हीटेस्टमध्ये १ नंतर ० येतो का बघा. येत नसेल तर वर सांगितलेल्या एचडब्ल्यूडीबी फाइलीत कळीच्या नावाआधी उद्गारचिन्ह घाला. मग सोडल्याचा निरोप कर्नल स्वतःच धरून चालतं.