मुंबईजवळ परवडणारं, सुरक्षित आणि खिडकीतून डोंगर किंवा नदी दिसेल असं घर हवंय. बदलापूर कसं आहे?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याची नांदेडहून ठाण्याला बदली झाली आहे, घरात सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी आहे, भाड्याला दहा हजारांच्या वर जाता येणार नाही आणि जमलं तर वर्ष-दोन वर्षांत वन बीएचके घ्यायचा विचार आहे. मोकळ्यावर राहायची सवय, त्यामुळे खिडकी उघडली की समोरच्याचं स्वयंपाकघर दिसायला नको. एजंट बदलापूर सुचवतोय.

मी लातूरची. २०१७ पासून बदलापुरात आहे. पहिली दोन वर्षं पश्चिमेला नदीच्या बाजूला भाड्याने, मग पूर्वेला भाड्याने आणि आता पूर्वेलाच स्वतःच्या घरात. म्हणजे पाणी आणि डोंगर, दोन्ही खिडकीतून बघून झालंय. घाईत असाल तर एवढंच वाचा: बदलापूर घ्या, पण डोंगराच्या बाजूचं घ्या, नदीच्या नको. आणि पहिला पावसाळा भाड्याच्याच घरात काढा.

आता नदी का नको ते सांगते. आम्ही घर बघायला आलो ते एप्रिलमध्ये. लातूरच्या माणसाला एप्रिलमध्ये वाहती नदी दाखवली की तो पुढचं काही विचारत नाही. उल्हास नदी उन्हाळ्यातही आटत नाही, कारण वर भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी तिला मिळत राहतं. तिसरा मजला, गॅलरीतून नदी, पलीकडे झाडं, बगळे. नवरा तर गॅलरीतूनच आईला फोन लावून बसला. भाडं साडेपाच हजार. हे एवढं स्वस्त का, असं एकदाही आमच्या तोंडून निघालं नाही.

उत्तर २०१९ च्या जुलैत मिळालं. २६ तारखेच्या रात्री पाऊस होताच, पण बदलापुरात पाऊस नवा नाही. गोम अशी की नदीचं पाणी फक्त इथल्या पावसावर चढत नाही. उल्हास उगम पावते लोणावळा-खंडाळ्याकडच्या घाटात आणि कर्जत, नेरळ, वांगणी करत आपल्याकडे येते. वर धो धो कोसळलं की इथे उघडीप असली तरी काही तासांनी पाणी वाढतं. मध्यरात्रीनंतर वॉचमन दारं बडवत वर आला. खाली गेलो तर पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, अर्ध्या तासात कंबरेला. तळमजल्यावरच्या काकूंना, त्यांच्या गॅस सिलिंडरला आणि देवघरातल्या देवांना आम्ही वर आणलं. जे राहिलं ते राहिलं. त्यात आमचं गावाहून आलेलं ज्वारीचं पोतंही होतं, जिना चढवायचा कंटाळा म्हणून काकूंकडेच ठेवलेलं. सकाळी कळलं की महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आहे. हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. टीव्हीवर तुम्हीही बघितलं असेल. पाणी ओसरल्यावर काकूंचं दार उघडलं तर घोट्यापर्यंत चिखल, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या पोत्याच्या विणीतून ज्वारीचे पांढरे कोंब बाहेर आले होते.

भिंतीवर पाण्याची एक तपकिरी रेघ उरली होती, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. दिवाळीच्या आधी मालकांनी रंग काढला, रेघ गेली. आम्ही घर सोडलं. पुढे तेच घर ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून पुन्हा भाड्याला लागलं.

त्यामुळे पश्चिमेला घर बघायला गेलात, तर गॅलरीत जायच्या आधी जिन्याखाली जा. विजेचे मीटर किती उंचीवर बसवलेत ते बघा. पुराचा फटका बसलेल्या इमारतींत मीटर नंतर वर चढवलेले असतात, आमच्याकडे तसंच झालं. मग खालच्या किराणावाल्याला विचारा की पावसाळ्यात तळातल्या फळीवर माल ठेवतो का. एजंट खोटं बोलेल, तो बोलणार नाही. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली ही नावं पुराच्या बातम्यांत दरवेळी येतात. याचा अर्थ पश्चिम सगळी वाईट असा नाही. स्टेशनजवळचा आणि उंचावरचा भाग चांगला आहे, बाजारही तिकडे छान. पण घर विकत घेताना पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. प्लॉट दोन्हींच्या बाहेर हवा. जुन्या लोकांना २००५ च्या पुराचं विचारा, नव्यांना २०१९ आणि २०२१ चं. पावसाळ्यात इथल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बॅरेजजवळची, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याजवळची, पाण्याची पातळी फिरत असते: १६.५० मीटरला इशारा, १७.५० ला धोका. नदीकाठी राहायचंच असेल तर हे दोन आकडे पाठ हवेत.

आता पूर्व. इथे एक गंमत आहे आणि नवीन माणूस हमखास फसतो. लोकल कल्याणच्या पुढे आग्नेयेला वळते, पण पूर्व-पश्चिम ही नावं मुंबईच्या हिशेबानेच चालू राहतात. त्यामुळे ‘बदलापूर पूर्व’ खरं तर नैर्ऋत्येला आहे आणि ‘पश्चिम’ ईशान्येला. आमच्या बदलापूर पूर्वेतल्या घरातून सूर्य मावळताना दिसतो! नकाशा न बघता कोणी ‘ईस्ट म्हणजे सकाळचं ऊन’ सांगत असेल तर मोबाइलमधलं होकायंत्र काढा.

पण या नैर्ऋत्येलाच तर सगळी मजा आहे. मलंगगड, चंदेरीचा तो कडा, पुढे माथेरानकडे जाणारी रांग, हे सगळं त्या बाजूला. जुलैमध्ये डोंगरावरून पांढरे ओहोळ उतरायला लागतात आणि ढग इतके खाली येतात की चंदेरीचं नुसतं टोक तेवढं बाहेर राहतं. सासूबाई लातूरहून आल्या की चहा घेऊन तिथेच बसतात, मालिकासुद्धा विसरतात. याची किंमतही मोजावी लागते. पावसाचं झोडपणं नैर्ऋत्येकडूनच येतं, म्हणजे जी भिंत डोंगराकडे तीच भिंत ओली. आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात दर ऑगस्टला ओल येते, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेलं असतं. आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारनंतरचं ऊन थेट अंगावर. पण तुम्ही नांदेडच्या, उन्हाचं मी तुम्हाला काय सांगू.

दुसरी गोष्ट म्हणजे डोंगर अॅग्रीमेंटमध्ये लिहिलेला नसतो. बिल्डर ‘माउंटन व्ह्यू’ म्हणून मजल्यागणिक जास्त पैसे घेतो आणि तीन वर्षांनी समोरच्या रिकाम्या प्लॉटवर सोळा मजली टॉवर उभा राहतो. माझ्या मैत्रिणीला आज बेडरूममधून समोरच्यांची वाळत घातलेली टॉवेलं दिसतात. समोर रिकामी जागा असेल तर नगरपालिकेच्या नगररचना विभागात विकास आराखड्यात ती जागा कशाला ठेवली आहे ते विचारून या. बाग, मैदान, ओढा, रस्ता असेल तर आशा आहे. ‘निवासी’ असेल तर डोंगराचे जादा पैसे देऊ नका.

खरवई, माणकिवलीच्या बाजूला कारखाने आहेत. काही रात्री उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. तिकडचं घर दुपारी बघून ठरवू नका, रात्री दहा-अकराला एक चक्कर मारा.

त्याच चक्करीत सुरक्षिततेचंही कळेल. तुमचा हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवर लैंगिक अत्याचार झाले, त्यानंतर लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या बंद होत्या. हे लपवून ‘आमचं बदलापूर किती शांत’ असं मी लिहिणार नाही. एरवी गाव खरंच शांत आहे. रात्री साडेदहाच्या गाडीने उतरून मी शेअर रिक्षाने घरी येते, भीती वाटत नाही. रिक्षातले निम्मे चेहरे ओळखीचे असतात. पण मुलीची शाळा निवडताना इमारत बघून भुलू नका. सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते ती) आहे का, तिच्यात कोण आहे, स्वच्छतागृहाकडे बाई मदतनीस असते का, व्हॅनमध्ये कोण असतं, हे तोंडावर विचारा. या प्रश्नांनी वैतागणाऱ्या शाळेला नमस्कार करा.

घराचंही तसंच. स्टेशन ते घर रात्री चालून बघा. किती दिवे चालू आहेत, किती दुकानं उघडी आहेत, शेवटची शेअर रिक्षा कुठपर्यंत येते. स्टेशनपासून चार किलोमीटरवरचं मोठं घर स्वस्त मिळतं, पण रात्री एकटीसाठी रिक्षा सांगितली की महिन्याला तोच फरक खिशातून जातो. सासूबाईंचा विचार करून लिफ्ट आणि जनरेटर बघा, वादळी पावसात वीज जाते. मोठ्या आजारपणाला लोक अजून कल्याण, डोंबिवली, ठाणे गाठतात. पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या पुलावर संध्याकाळी गाडी अडकली की अडकली, म्हणून शाळा, घर आणि दवाखाना शक्यतो रुळांच्या एकाच बाजूला असू द्या.

गाडीचं सांगायचं तर बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, दीड तास धरून चला. ठाणं मात्र पाऊण ते एक तास, म्हणून तुमच्या नवऱ्याला हे जमेल. इथून सुटणारी बदलापूर लोकल मिळाली तर बरं. कर्जत-खोपोलीहून येणारी आधीच भरलेली असते. बदलापूर लोकललाही जागा मिळेलच असं नाही, कारण अंबरनाथची मंडळी उलटी बसून येतात, म्हणजे बदलापूरला येणाऱ्या गाडीत आधीच चढतात आणि तशीच परत निघतात. पहिल्या दिवशी रिकामी गाडी येतेय म्हणून आनंदाने पुढे झालात की कळेल. पूर्वी इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं सांगतात. आता आम्ही कल्याणला गाड्या बदलतो.

भाडं आमच्या बाजूला वन बीएचकेचं सात-आठ हजारांपासून आहे, तुमच्या दहात नीट बसेल. करार नोंदणीकृतच करा, साध्या स्टॅम्प पेपरवर ‘चालतं हो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. विकत घेताना नुसत्या महारेरा क्रमांकावर, म्हणजे गृहप्रकल्पाच्या सरकारी नोंदणी क्रमांकावर, विसंबू नका. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण हायकोर्टात गेलं आणि पाडायचे आदेश निघाले, आत राहणारे लोक हप्ते भरत होते. बांधकाम परवानगी स्वतः नगरपालिकेत पडताळा, तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जायची परवानगी, एजंट ‘ओसी’ म्हणतात ती) बघा. घर तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, नवऱ्याला हे आजच सांगून ठेवा.

बदलापूर नकोच वाटलं तर वांगणी, शेलू, नेरळ आणखी स्वस्त आणि डोंगर आणखी जवळ, पण गाड्या कमी. एक चुकली की फलाटावर बसा. कसारा लाइनवर आसनगावला माहुलीचा किल्ला समोर दिसतो, तिथेही गाड्यांचं तेच रडगाणं. टिटवाळा छान, पण काळू नदीपासून लांब राहा, कारण वर सांगितलंच. खारघर सुंदर आहे, तुमच्या बजेटमध्ये नाही.

बघायला मेमध्ये येऊ नका, जांभळं खायची असतील तर गोष्ट वेगळी (बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे, आम्ही ते प्रत्येक पाहुण्याला सांगतो). घर बघायला जुलैच्या शेवटी या, चांगला दोन-तीन दिवस पाऊस झाल्यावर. आणि रविवारी येणार असाल तर निघायच्या आधी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवतात तो) आहे का बघा, नाहीतर कल्याणलाच दुपार होईल.