कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू ठेवू नये : घरकामाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही नुकतेच नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या नव्या इमारतीत राहायला आलो. वापरासाठी सोसायटीच्या बोअरचे पाणी आहे. सहा महिन्यांतच नळ, शॉवर आणि बादल्यांवर पांढरा, खरखरीत थर बसला. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावले. फेस भरपूर आला, पण थर जसाच्या तसा राहिला. आमचे काय चुकले?

उत्तर : चूक त्या फेसातच आहे. व्हिनेगर हे आम्ल आणि सोडा नेमका त्याच्या उलट गुणाचा. दोघांना एकत्र केले की ते एकमेकांचा जोर संपवतात आणि हाती उरते ते जवळजवळ निरुपयोगी खारट पाणी. फेस म्हणजे त्यातून निसटणारा कार्बन डायऑक्साइड. तो पाहून काहीतरी जोरात चालले आहे असे वाटते, इतकेच. हे दोन्ही पदार्थ कामाचे आहेत, परंतु वेगवेगळे वापरले तरच.

आपल्या बादलीवरचा थर मुख्यतः चुनखडीचा आहे. जमिनीत मुरणारे पाणी आपल्याकडच्या काळ्या खडकातून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येते आणि ते तापले किंवा वाळले की हे क्षार मागे राहतात. चुनखडीला आम्लच लागते. साबण, सोडा किंवा तारेची घासणी यांनी नळाचा मुलामा जाईल, थर जाणार नाही.

किराणा दुकानात लिंबूसत्त्व सुटे मिळते आणि ते व्हिनेगरपेक्षा स्वस्त पडते. एक लिटर कोमट पाण्यात त्याचे दोन चहाचे चमचे विरघळवावेत. जुना सुती फडका त्यात भिजवून नळाच्या तोंडाभोवती घट्ट गुंडाळावा, अर्ध्या तासाने काढून जुन्या टूथब्रशने हलकेच घासावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे पुसावे. शॉवरची जाळी निघत नसेल तर हेच पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ती पिशवी शॉवरला रबराने बांधावी. नळाला सोनेरी किंवा काळा मुलामा असल्यास दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ फडका ठेवू नये. शेवटचे पुसणे कंटाळवाणे असले तरी ते टाळू नये, कारण नळावर वाळणारा प्रत्येक थेंब थोडी चुनखडी मागे ठेवून जातो.

आता दोन सूचना. पहिली जिवाशी संबंधित आहे : लिंबूसत्त्व, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये आणि एकापाठोपाठ एक ओतूही नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो घातक ठरू शकतो.

दुसरी सूचना मी स्वतः नुकसान सोसून शिकले. कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही दगड चुनखडीच्याच जातीचे असून संगमरवरही त्यांच्याच कुळातला आहे. बादलीवरचा थर विरघळवणारे आम्ल ओट्यालाही सोडत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या काळ्याभोर कडप्प्याच्या ओट्यावर कापलेले अर्धे लिंबू रात्रभर पालथे राहिले. सकाळी ते उचलले तर खाली रुपयाएवढा पांढुरका गोल उमटला होता, आणि त्यावरून बोट फिरवले की तेवढीच जागा खरबरीत लागत होती. तेलाचा हात फिरवला की तो दिवसभर लपतो, ओटा धुतला की पुन्हा वर येतो. म्हणून असा ओटा आणि जुन्या घरांतली शहाबादी फरशी साध्या साबणाच्या पाण्यानेच पुसावी.

प्रश्न : सासूबाईंची पितळी समई माझ्याकडे आली आहे. चिंचेने कितीही घासली तरी खाचांमधला काळेपणा जात नाही. ती पुन्हा झळकेल का? (पंचवटी)

उत्तर : नक्की झळकेल, फक्त कामाचा क्रम बदलावा लागेल. खाचांतला तो काळेपणा पितळेचा नसून वर्षानुवर्षे ओघळलेल्या तेलाचा आणि काजळीचा आहे. चिंचेतले आम्ल धातूवर चढलेला कळकटपणा विरघळवते, पण तेलाच्या थरातून ते खाली पोहोचतच नाही.

समई फिरवून तिचे भाग सुटे करावेत. प्लॅस्टिकच्या टबात दोन लिटर कढत पाणी घेऊन त्यात धुण्याच्या सोड्याचा एक मोठा चमचा आणि भांड्यांच्या साबणाचे थोडे द्रावण घालावे, आणि ते भाग तासभर बुडवून ठेवावेत. या पाण्यात हात घालताना रबरी हातमोजे असावेत. तासाभराने पाणी चहासारखे तांबूस झालेले दिसेल. मऊ पडलेला थर बांबूच्या काडीला कापडाची चिंधी गुंडाळून खाचांतून काढावा. सुई किंवा चाकू लावला तर कायमचे ओरखडे पडतात. समई स्वच्छ धुतल्यानंतरच चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ लावावे, पाच मिनिटांत धुवावे आणि पाण्याचा थेंबही राहू न देता पुसावे. ओल राहिली तर दुसऱ्याच दिवशी डाग दिसू लागतात आणि दोष बिचाऱ्या चिंचेला दिला जातो.

पूर्वी घरोघरी चुलीतली राख वापरत, त्यामागेही हेच कारण होते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते आणि ते सोड्याप्रमाणेच तेलकटपणा कापते. म्हणून आधी राख, मग चिंच. हल्ली पहिली पायरी गळाली आणि दुसरीवरच सगळा भार आला. समईवर पारदर्शक लाखेचा हात दिलेला असेल तर मात्र यातले काहीच करू नये, ओलसर मऊ फडक्याने पुसावे. जुनी समई हलत असेल किंवा तिची फिरकी झिजली असेल, तर भांडी बाजारात चौकशी करून झाळ लावून सांधून घेता येईल.

प्रश्न : ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो. तो सोड्याने उकळून काढावा का? (सिडको)

उत्तर : मुळीच नाही. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि भांडे आणखी काळे पडते. कुकरच्या तळाशी पाणी घालताना त्यात पिळलेल्या लिंबाची साल किंवा चिंचेचे बोटूक टाकावे. काळेपणा येतच नाही. आलेला असेल तर त्याच पाण्याला दहा मिनिटे उकळी द्यावी.

प्रश्न : पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली. साबण लावताच पिवळा डाग लालभडक झाला. कापड खराब झाले का? (गंगापूर रोड)

उत्तर : नाही. हळदीचा रंग आम्लात पिवळा राहतो आणि साबण किंवा सोडा लागला की लाल होतो. हळदीपासून कुंकू करताना चुना किंवा टाकणखार याच गुणासाठी घालतात, तेव्हा आपल्या सदऱ्यावर फक्त थोडे कुंकू तयार झाले! घाबरून ब्लीच ओतू नये. तेलाचा अंश जाईपर्यंत साबणाने धुवावे, भरपूर खळबळावे आणि सदरा ओला असतानाच डागाची बाजू वर करून कडक उन्हात टाकावा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही; एका उन्हाने न गेल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करावे. रंगीत कापड मात्र उलटे करून सावलीतच वाळवावे आणि डाग फिका होण्यासाठी दोन-चार धुण्यांची वाट पाहावी.

प्रश्न : पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो. डांबरगोळ्या ठेवूनही उपयोग होत नाही. (जुने नाशिक)

उत्तर : डांबरगोळ्या कसर दूर ठेवतात, ओलावा शोषत नाहीत, त्यांचा वास कुबट वासात मिसळतो आणि दुहेरी त्रास होतो. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या ठेवूच नयेत. कपाट ओल येणाऱ्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे आणि मागून हवा खेळू द्यावी; निम्मे काम तेवढ्यानेच होते. पाऊस उघडलेल्या दिवशी, दुपारी, कपाटाची दारे दोन तास सताड उघडी ठेवावीत. सकाळी नको, कारण तेव्हा बाहेरचीच हवा दमट असते. इस्त्री केलेले कपडे पूर्ण निवल्याशिवाय आत ठेवू नयेत. त्यांची वाफ घड्यांतच अडकते. साड्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून जुन्या धुतलेल्या सुती पंच्यात गुंडाळाव्यात. जरीची साडी दर पावसाळ्यानंतर उलगडून घडी बदलावी, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते.