प्रश्न वाचकांचे : ट्रक थांबतो तिथून पुढे

प्रश्न : सुदानमधील युद्धाविषयी वाचताना असे कळले की तेथे सामान्य नागरिकच सार्वजनिक स्वयंपाकघरे चालवतात. संयुक्त राष्ट्रांसारखी यंत्रणा असताना त्यांच्यावर ही वेळ का यावी? पगार नाही, संरक्षण नाही. मग ही माणसे हे काम करतात तरी कसे? – एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर जरा रूक्ष आहे. मोठ्या यंत्रणेला हद्द ओलांडायची तर त्या देशाच्या सरकारची संमती लागते, आणि युद्धात या संमतीचेच हत्यार होते. सुदानचे सैन्य आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल यांच्यात १५ एप्रिल २०२३ रोजी लढाई जुंपली. सुदानच्या पश्चिमेकडील दारफूर प्रदेशात धान्य नेण्यासाठी शेजारच्या चाड देशाच्या हद्दीवरील आद्रे हा सोयीचा मार्ग होता. तो फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने बंद केला आणि ऑगस्टच्या मध्यावर उघडला, म्हणजे पावसाने ओढेनाले भरून वाहू लागल्यावर. दारफूरमधील अल-फाशर शहराजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ पडल्याचे तज्ज्ञांच्या समितीने जाहीर केले, ते याच ऑगस्टच्या आरंभी. धान्य होते, ट्रकही होते. अडले होते ते परवानगीपाशी.

जेथे ट्रक थांबतो तेथून पुढचे काम ‘आपत्कालीन प्रतिसाद कक्ष’ या नावाने ओळखले जाणारे मोहल्ल्यामोहल्ल्यांतील गट करतात. हे गट युद्धामुळे एका रात्रीत उभे राहिले असे मात्र नाही. २०१८-१९ मध्ये ओमर अल-बशीर यांच्या राजवटीविरुद्ध जे आंदोलन झाले, त्यात वस्त्यावस्त्यांतून प्रतिकार समित्या स्थापन झाल्या होत्या. कोणाच्या घरी म्हातारे माणूस आहे, कोणती विहीर चालू आहे, गल्लीतील नर्स कोण, ही माहिती त्यांच्याजवळ आधीपासून होती. शिवाय संकटात किंवा सुगीच्या वेळी सगळ्यांनी हाक देऊन एकत्र राबण्याची, ‘नफीर’ म्हणून ओळखली जाणारी जुनी रीत तेथे आहेच. माझ्या मते या कामाचे खरे भांडवल म्हणजे ही ओळखपाळख. ती बाहेरून आणता येत नाही.

आता ‘कसे’ याविषयी. परदेशी राहणारे सुदानी नातलग आणि काही संस्था पैसे पाठवतात. ते बहुधा ‘बनकक’ या बँकेच्या मोबाइल अ‍ॅपवरून स्वयंसेवकाच्या खात्यात येतात, आणि तो जवळच्याच व्यापाऱ्याकडून मसूर, घेवडा, तेल, सरपण घेतो. मोबाइलचे जाळे तुटले की उपग्रहावरून इंटरनेट पुरवणाऱ्या तबकडीपाशी पैसे मोजून बसायचे, आणि तेवढ्या वेळात पैसे मागवणे, व्यापाऱ्याला देणे, पावतीचा फोटो पाठवणे असे सगळे उरकायचे. मोठ्या पातेल्यात आमटी शिजते, लोक घरून डबे, भांडी घेऊन रांग लावतात, आणि एक जण वहीत घरटी माणसांची संख्या टिपतो. ही वही मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या आठवड्याचा पैसा तिच्यावरच येतो. पण तपासनाक्यावर तीच वही सापडली तर ‘ही नावे कोणासाठी गोळा करतोस’ असा प्रश्नही होऊ शकतो. दोन्ही बाजूंनी स्वयंसेवकांना शत्रूचे हस्तक ठरवून पकडले आहे. अंगावरचे पांढरे जाकीट तेथे कवच ठरत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदतकर्मी मारले गेले, आणि त्यांतील बहुतांश त्या त्या देशाचेच होते. परदेशी कर्मचाऱ्याला विमा असतो आणि वेळ आली तर विमानही. स्थानिक माणसाचे घर मात्र त्याच गल्लीत असते. इस्तंबूल येथे २०१६ मध्ये दात्यांनी आणि मोठ्या संस्थांनी ठरवले होते की २०२० पर्यंत निधीचा चौथा हिस्सा शक्य तितक्या थेटपणे स्थानिक गटांकडे जावा. ते साधले नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली तेव्हा सुदानमधील शेकडो स्वयंपाकघरांच्या चुली विझल्या. त्याच वर्षी या कक्षांना ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला. गौरव योग्यच, पण पुरस्काराने रोजचे पातेले चढत नाही.

प्रश्न : अशी मदत शेवटी शस्त्रधाऱ्यांच्याच हाती जात नसेल कशावरून? – एक व्यापारी वाचक

उत्तर : काही प्रमाणात जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. नाक्यावर वसुली होते, गोदामे लुटली जातात. म्हणूनच मदतीचे रूप महत्त्वाचे ठरते. पोत्यातले धान्य साठवता येते, विकता येते. शिजलेली आमटी दुपारपर्यंत संपवावीच लागते, तिला काळा बाजार नाही. कुपोषित बालकांसाठी शेंगदाणे, दूधभुकटी, साखर, तेल व जीवनसत्त्वे घालून केलेला लगदा ९२ ग्रॅमच्या पुडीत येतो, पाण्याशिवाय खाता येतो आणि सुमारे ५०० कॅलरी देतो. तो खिशात मावतो, त्यामुळे वाहून न्यायला सोपा आणि पळवायलाही सोपा. ती पुडी कोणत्या मुलाला द्यायची हे दंडाभोवती गुंडाळायच्या रंगीत फितीवरून ठरते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की तीव्र कुपोषण समजतात. ही फीत लावायला आईलाही शिकवतात, आणि मग वाटपावर चार डोळे अधिक राहतात.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. अशा ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन काम करावे असे वाटते. काय करावे? – एक विद्यार्थी

उत्तर : आत्ता जाऊ नका. म्यानमारच्या पूर्व भागात १९९८ पासून पाठीवर औषधांच्या पिशव्या घेऊन डोंगरांतील गावांपर्यंत चालत जाणारी आरोग्यसेवकांची पथके आहेत. भूसुरुंग कोणत्या पायवाटेवर असू शकतात आणि सैन्याची तुकडी कोठे उतरली आहे, हे त्यांना गावकरी सांगतात, कारण ती माणसे गावकऱ्यांच्याच भाषेत बोलतात. त्यांच्यासोबत गेलेला नवखा पाहुणा पथकाची चाल मंदावतो आणि त्याला परत आणण्यासाठी दुसऱ्यांना जीव धोक्यात घालावा लागतो. आधी एखादे काम नीट शिका. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारखी संस्था साधारणपणे ज्याच्या त्याच्या कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव मागते, आणि तिला डॉक्टरांइतकीच पाण्याची व विजेची कामे जाणणाऱ्यांची, गोदाम सांभाळणाऱ्यांची गरज भासते. हिशेबनीसही लागतात, तुम्ही वाणिज्य शाखेचे असाल तर निराश होण्याचे कारण नाही.