सोलापूरच्या उन्हाळ्यात झाडांच्या फिश टँकला सीओटू सिलिंडर लावावा का?

लावा, पण सिलिंडर कुठे ठेवणार ते आधी ठरवा. साधारण ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहतच नाही, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो. गच्च भरलेल्या सिलिंडरमधला दाब मग झपाट्याने वाढतो. म्हणून ठरलेल्या वजनापेक्षा जास्त गॅस भरून घेऊ नका आणि पत्र्याच्या खोलीत तर ठेवूच नका. सिलिंडर कायम उभा, पट्ट्याने बांधलेला हवा. आडवा केला तर रेग्युलेटरमध्ये द्रव शिरतो.

रेग्युलेटर सोलेनॉइडवालाच (म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपेचा) घ्या, लाइट गेली की गॅस आपोआप थांबतो. टायमरवर दिवे लागण्याआधी तास-दीड तास सुरू, आणि दिवे बंद होण्याआधी तासभर बंद.

नुसते बुडबुडे मोजून भागत नाही, ड्रॉप चेकर लावा, म्हणजे पाण्यातल्या सीओटूप्रमाणे रंग बदलणारी टाकीतली छोटी कुपी. त्यात ४ डीकेएचचं (डीकेएच म्हणजे पाण्याच्या कार्बोनेट जडपणाचं माप) तयार द्रावणच घाला. बोअरचं जड पाणी घातलंत, तर रंग हिरवा होईपर्यंत टाकीतला गॅस प्रमाणाबाहेर गेलेला असतो. हिरवा म्हणजे साधारण ३० पीपीएम (दहा लाख भागांत ३० भाग) सीओटू, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे धोका. मात्र हा रंग बदलायला तास-दोन तास लागतात. मासे वर येऊन धापा टाकायला लागले तर चेकरकडे बघत बसू नका. आधी गॅस बंद, मग एअर पंप चालू. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, त्यामुळे मे महिन्यात मी तरी निळसर हिरव्यावरच थांबेन.