फायर डिस्ट्रिक्टचं विलीनीकरण आणि पार्सल टॅक्स : मत देण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियात गावाबाहेर पाच एकरांवर घर आहे. तिथलं छोटं फायर डिस्ट्रिक्ट शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये विलीन होणार असं पत्रक आलंय आणि मतपत्रिकेवर पार्सल टॅक्सही (दर भूखंडामागे लागणारा कर) आहे. टॅक्स वाढेल का, विम्याचा हप्ता कमी होईल का, जवळचं स्टेशन राहील का?

आपल्याकडे बंब नगरपालिकेचा असतो, खेड्यात आग लागली की तालुक्याहून यायचा. इथे फायर डिस्ट्रिक्ट ही वेगळी संस्था असते. तिचं बोर्ड वेगळं, जमाखर्च वेगळा. राज्याचं कॅल फायर डोंगरावरच्या वणव्याची जबाबदारी घेतं, पण घराला लागलेली आग आणि छातीत दुखतंय म्हणून केलेला फोन हे डिस्ट्रिक्टचंच काम. बहुतेक कॉल छातीत दुखण्यासारखे, वैद्यकीयच असतात.

पैशाची अडचण मतदारांनी १९७८ मध्ये मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ पासून सुरू होते. घरपट्टी मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर बांधली गेली आणि घर विकलं जात नाही तोवर मूल्यांकन वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढणार असं ठरलं. तो १ टक्का काउंटी, शाळा, शहर आणि डिस्ट्रिक्ट यांच्यात कसा वाटायचा, हे १९७९ च्या एबी ८ कायद्याने सत्तरच्या दशकातल्या प्रमाणावर गोठवलं. तेव्हा जिथे शेतं होती आणि गावकरीच बंब चालवत, तिथे वाटा बारीक होता. आज तिथे वसाहती उभ्या राहिल्या तरी वाटा तोच.

याचं ठळक उदाहरण ईस्ट कॉन्ट्रा कोस्टा. ब्रेंटवूडची वस्ती १९८० साली जेमतेम साडेचार हजार होती, २०२० मध्ये ६४ हजार. तिथली तीन छोटी डिस्ट्रिक्ट २००२ मध्ये एकत्र केली. पण तिघांचेही वाटे बारीक, त्यामुळे बेरीजही बारीकच. २०१२ चा पार्सल टॅक्स पडला, २०१५ ची बेनिफिट असेसमेंट (सेवेच्या फायद्यानुसार मालमत्तेवरची आकारणी) पडली. माणसं नेमण्यासाठी केंद्राची सेफर ग्रँट आली तेव्हा बंद स्टेशनं उघडली, ग्रँट संपली तशी पुन्हा बंद झाली. आठावरून तीन स्टेशनांवर वेळ आली. शेवटी १ जुलै २०२२ ला हे डिस्ट्रिक्ट शेजारच्या मोठ्या कॉन्ट्रा कोस्टा काउंटी फायरमध्ये गेलं. हे विलीनीकरण लागू पडलं याचं मोठं कारण म्हणजे २०२० मध्ये काउंटीभर मंजूर झालेला अर्ध्या टक्क्याचा विक्रीकर, मेझर एक्स. त्यातून स्टेशनांसाठी पैसा आला. म्हणून पत्रकात ‘कार्यक्षमता’ किती वेळा आलीय ते सोडा, नवा पैसा कुठून येणार ते शोधा.

तुमच्या भागाचा हिशेब तुम्हालाच काढता येतो. प्रॉपर्टी टॅक्स बिलावर टॅक्स रेट एरियाचा, म्हणजे तुमच्या कर-विभागाचा, नंबर असतो. तो काउंटीच्या ऑडिटर-कंट्रोलर कार्यालयाला कळवा आणि त्या एरियात १ टक्क्यातला फायर डिस्ट्रिक्टचा वाटा किती, हे विचारा. शाळांकडे वळवलेली रक्कम वजा करून मिळणाराच आकडा मागा, नाहीतर फुगलेला आकडा हाती येतो. समजा वाटा ८ टक्के आणि घराचं मूल्यांकन ६ लाख डॉलर. १ टक्का म्हणजे ६,०००, त्यातले डिस्ट्रिक्टला ४८०. आता खर्चाची बाजू बघा. बंबावर चोवीस तास तीन माणसं ठेवायची तर तीन पाळ्यांना नऊ, शिवाय रजा-आजारपणाला एक, अशी किमान दहा लागतात. पगार, पेन्शन, विमा धरून माणशी १ लाख ८० हजार डॉलर धरले तर वर्षाला १८ लाख. म्हणजे एका स्टेशनच्या नुसत्या माणसांसाठी अशी ३,७५० घरं हवीत. ग्रामीण भागात ती नसतात. तीस वर्षं न विकलेल्या घरांचं मूल्यांकन खाली असतं, विल्यमसन कायद्याखालच्या (शेतीसाठीच राखण्याच्या बोलीवर करसवलत मिळालेल्या) शेतजमिनीचं त्याहून खाली, आणि सरकारी जंगलातून घरपट्टी येतच नाही.

बंबाचा खर्च यात धरलेलाच नाही. शहरी वापराचा टाइप १ बंब आज दहा लाख डॉलरच्या आसपास जातो आणि ऑर्डरनंतर दोन-तीन वर्षांनी मिळतो. वीस वर्षं वापरायचा म्हटलं तरी दर बंबामागे वर्षाला ५० हजार बाजूला टाकायला हवेत. आगीचे कपडे दहा वर्षांनी बाद होतात, श्वसनयंत्राचे कॉम्पोझिट सिलेंडर साधारण पंधरा वर्षांनी. अंदाजपत्रकात बदली निधीपुढे शून्य दिसलं, तर ते डिस्ट्रिक्ट जुन्या सामानाच्या जिवावर दिवस काढतंय असं समजा.

विलीनीकरणात काय बिघडतं? पहिलं, पगार. दोन वेतनश्रेणी जुळवताना त्या बहुधा वरच्या श्रेणीला जुळतात, त्यामुळे पहिल्या काही वर्षांत खर्च वाढतो. वाचतो तो एका चीफचा पगार, ऑडिटची फी आणि विम्याचा हप्ता. दुसरं, पेन्शनची थकित देणी. लहान डिस्ट्रिक्ट कॅलपर्स या राज्याच्या सरकारी पेन्शन संस्थेतून बाहेर पडलं तर टर्मिनेशनची रक्कम वार्षिक ताळेबंदातल्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठी निघते. ती कोण भरणार, हे ठरावात लिहिलेलं हवं. तिसरं अगदी बारीक, पण रात्री दोन वाजता नडणारं: एका डिस्ट्रिक्टकडे स्कॉट कंपनीची श्वसनयंत्रं, दुसऱ्याकडे एमएसए कंपनीची. याचा मास्क त्याला बसत नाही, सिलेंडर अदलाबदल होत नाही, आणि नवा मास्क घेतला की प्रत्येकाची फिट-टेस्ट (मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का ही चाचणी) पुन्हा. चौथं, स्वयंसेवक. सरावाचं ठिकाण चाळीस मैलांवर गेलं आणि प्रशिक्षणाचे तास वाढले की ते गळतात, आणि दुर्गम स्टेशन बहुधा त्यांच्याच जिवावर चालतं.

म्हणून आधी चीफ, प्रशिक्षण आणि गॅरेज करारावर वाटून घ्यावं, वर्ष-दोन वर्षं चालवून बघावं आणि मग कागदोपत्री एक व्हावं, हा क्रम मला पटतो.

कागदपत्रांचं काम स्थानिक संस्थांच्या हद्दी ठरवणाऱ्या, काउंटीच्या लॅफको या आयोगाकडे असतं. दोन्ही बोर्डांचे ठराव, सेवांचा आराखडा, टॅक्सवाटपाचा करार, जाहीर सुनावणी, मग लेखी हरकती. साधारण २५ टक्के मतदारांनी लेखी हरकत घेतली तर मतदान घ्यावं लागतं, ५० टक्क्यांपलीकडे गेली तर प्रस्ताव रद्द. सुनावणीत तावातावाने बोललं तरी ती मोजदादीतली हरकत होत नाही. ती मुदतीत, सही-तारीख-पत्त्यासह कागदावरच द्यावी लागते. नव्या हद्दीची कागदपत्रं राज्याच्या कर मंडळाकडे १ डिसेंबरपर्यंत पोचली नाहीत, तर पुढच्या वर्षीच्या कर-नोंदीत ती धरली जात नाहीत.

आता टॅक्स. निव्वळ विलीनीकरणाने तुमचा १ टक्का वाढत नाही. शेजारच्या डिस्ट्रिक्टचा जुना पार्सल टॅक्स मात्र लॅफकोच्या अटींमधून, वेगळ्या मतदानाशिवायही, तुमच्या भागाला लागू होऊ शकतो, म्हणून त्या अटी वाचा. १९९६ च्या प्रपोझिशन २१८ मुळे बोर्डाने मांडलेल्या पार्सल टॅक्सला दोन-तृतीयांश मतं हवीत, त्यामुळे ६० टक्के लोक बाजूने असूनही तो पडतो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अपलंड निकालानंतर नागरिकांनी सह्या गोळा करून मांडलेल्या करांना साधं बहुमत पुरू लागलं. सोनोमा काउंटीचा अर्ध्या टक्क्याचा विक्रीकर, मेझर एच, मार्च २०२४ मध्ये असाच मंजूर झाला. तुमच्या मतपत्रिकेवरच्या मजकुरात तीन गोष्टी वाचा: महागाईनुसार वाढ आहे का, मुदत किती, आणि मोकळ्या जमिनीला वेगळा दर आहे का. महागाईची तरतूद नसलेला टॅक्स वर्षागणिक तोकडा पडत जातो आणि बोर्ड पुन्हा दारात येतं.

विम्याचा हप्ता कमी होण्याची आशा फार धरू नका. आयएसओ ही संस्था विमा कंपन्यांसाठी अग्निसेवेला वर्ग देते, १ सर्वांत चांगला, १० सर्वांत वाईट. स्टेशन रस्त्याने पाच मैलांच्या आत नसेल तर बहुधा १०. आत असाल पण हायड्रंट (बंबाला पाणी देणारा रस्त्यावरचा नळ) हजार फुटांत नसेल तर मधला वर्ग. विलीनीकरणाने ही अंतरं बदलत नाहीत, आणि कॅलिफोर्नियात विमा कंपन्या आता वणव्याचा धोका वेगळा मोजतात. घराजवळ पाण्याची टाकी असेल तर तिला बंबाला जुळणारा व्हॉल्व्ह आहे का, हे मात्र स्टेशनवर जाऊन विचारून घ्या.

उरलं स्टेशन. ‘सेवेचा दर्जा कायम राहील’ या वाक्याला काही किंमत नाही. तुमच्या स्टेशनचा नंबर, तिथे चोवीस तास किती माणसं आणि किती वर्षं, हे लॅफकोच्या मंजुरीच्या अटींमध्ये लिहून घ्यायला सांगा. सुनावणीच्या आधी लेखी पत्र देऊन.